उतारावरची बचत

मोटारगाडीचा इतिहास लिहिणारे लोक बहुधा तिच्या वेगाचा इतिहास लिहितात. कोणत्या साली कोणती गाडी ताशी किती मैल धावली, कोणी कोणाला मागे टाकले, याच्या याद्या त्यांच्या जिभेवर असतात. परंतु गाडी पळविण्याच्या विद्येइतकीच जुनी दुसरी एक विद्या आहे, ती म्हणजे गाडी सोडून देण्याची. इंजिनाची चाकांवरची पकड सुटते, आणि अंगच्या वेगावर, फुकटात, गाडी पुढे वाहत राहते. या फुकटाच्या वाटचालीला मोठा इतिहास आहे. तो शोधण्याच्या नादी मी लागलो त्याला कारण माझे मामा.

मामा मुंबई-पुणे रस्त्यावर मालाची लॉरी चालवीत. मी सात-आठ वर्षांचा असताना सुटीत त्यांनी मला दोन-तीनदा शेजारी बसवून नेले होते. खंडाळ्याचा घाट उतरायला लागला की मामा गिअरचा दांडा न्यूट्रलला आणीत आणि इंजिन बंद करीत. सबंध रस्ताभर कानात घुमणारा तो आवाज एकदम थांबे. मग फक्त वाऱ्याचा सूं सूं आवाज, टायरांची घरघर आणि मधून ब्रेकचा किंकाळा. मला ती शांतता फार आवडे. मामा हसून म्हणत, "बघ भाच्या, देवाचं पेट्रोल!" वास्तविक लॉरी डिझेलवर चाले; पण देवाच्या खात्यावर सर्व इंधनांना मामा पेट्रोलच म्हणत. मालक फेरीला डिझेल मोजून देई आणि उरलेल्या डिझेलचे चार पैसे ड्रायव्हरला मिळत. त्या चार पैशांत मामांच्या घरची दिवाळी होत असे.

ही हकीकत मी येथेच थोडा वेळ थांबवितो. तिचा शेवट नीट समजावा म्हणून आधी इतिहास सांगितला पाहिजे.

फुकटाच्या वाटचालीचा आरंभ मोटारीत नसून सायकलीत आहे. जुन्या सायकलींची मागची साखळी चाकाला कायमची जखडलेली असे. चाक फिरले की पायंडे फिरलेच पाहिजेत. उतारावर बिचाऱ्या स्वाराचे पाय पायंड्यांबरोबर गरगरत, नाहीतर तो पाय उचलून दैवावर हवाला ठेवी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रीव्हील प्रचारात आले आणि पाय स्थिर ठेवून उतार उतरण्याचे सुख मनुष्याला लाभले. आत दातेरी कडे आणि स्प्रिंगवर बसविलेले लहान खटके, एवढीच त्याची करामत. पायांनी जोर लावला की खटके दात्यांत अडकून चाक फिरवितात. चाकच पायांपेक्षा जोरात फिरू लागले की ते दात्यांवरून टकटक करीत घसरतात. पुण्यासारख्या सायकलींच्या शहरात वाढलेल्या माणसाला त्या टकटकीची ओळख करून द्यायला नको. जोर इंजिनाकडून चाकाकडे जाईल, चाकाकडून इंजिनाकडे येणार नाही, असा हा एकमार्गी दरवाजा आहे.

पण या दरवाजाबरोबर एक नवी अडचणही आली. जखडलेल्या सायकलीला पायांनीच ब्रेक लावता येत असे. उलटा जोर दिला की चाक मंदावे. फ्रीव्हीलने पाय मोकळे केले आणि तो ब्रेक काढून घेतला. म्हणून १९०३ साली जर्मनीत श्वाइनफुर्टच्या एर्न्स्ट झाक्स याने 'टॉर्पेडो' नावाचा जो प्रसिद्ध हब काढला, त्यात मोकळे चाक आणि ब्रेक हे दोन्ही एकाच पोटात बसविले होते. पाय स्थिर ठेवा, चाक मोकळे. पाय उलटे दाबा, ब्रेक. ज्याने स्वातंत्र्य दिले त्यानेच लगामही दिला. हे शहाणपण पुढे मोटारवाल्यांना लवकर आठवले नाही, आणि त्याची किंमत पुष्कळांना मोजावी लागली.

मोटारीत हा दरवाजा मोठ्या गाजावाजाने बसविला तो अमेरिकेत, स्टुडबेकर कंपनीने, १९३० साली. तो काळ मोठ्या मंदीचा. पैन् पै मोजून खर्च करणाऱ्या ग्राहकाला पेट्रोलची बचत आणि इंजिनाला विसावा ही भाषा गोड वाटली. शिवाय आणखी एक सुख होते. त्या काळी गिअर बदलणे ही कसरत असे. दात्यांचा कर्कश आवाज न करता गिअर टाकणारा माणूस कुशल समजला जाई. फ्रीव्हीलमुळे ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की गिअरपेटीवरचा जोर नाहीसा होई आणि वरचे गिअर क्लच न दाबताही सहज पडत. वर्ष-दोन वर्षांत अमेरिकेतल्या अनेक कंपन्यांनी ही सोय आपापल्या गाड्यांत आणली. इंग्रजी भाषेत मोकाट, निर्बंध वागण्याला जो 'फ्रीव्हीलिंग' हा शब्द रूढ झाला, तो याच मोकळ्या चाकावरून.

त्या बचतीत तथ्य होते काय? होते, आणि ते समजून घेणे पुढच्या गोष्टीसाठी जरूर आहे. तेव्हाच्या पेट्रोल गाड्यांना कार्ब्युरेटर असे. उतारावर पाय काढला तरी गिअरमध्ये असलेले इंजिन चाकांच्या ओढीने जोराने फिरत राही आणि कार्ब्युरेटरच्या बारीक भोकातून पेट्रोल ओढीत राही. त्यातून काम काहीच निघत नसे. फ्रीव्हीलने इंजिन सुटे केले की ते मंद गतीवर येई आणि पेट्रोल कमी जाई. शिवाय इंजिनाची ओढ सुटल्यामुळे गाडी कितीतरी लांब वाहत जाई. तेव्हा त्या काळच्या विक्रेत्यांनी सांगितले ते खोटे नव्हते.

मात्र एक गोष्ट त्यांनी हळू आवाजात सांगितली. उतारावर इंजिनाची ओढ हाच गाडीचा मोठा ब्रेक असतो. तो सुटला की सगळा भार चाकांच्या ब्रेकवर येतो. आणि १९३० सालचे ब्रेक अशा भाराला पुरे पडणारे नव्हते. लांब उतारावर ते तापत आणि मग त्यांची पकड सुटे. दरम्यान गिअर सहज पडण्यासाठी सिंक्रोमेशची युक्ती निघाली. जनरल मोटर्सने ती १९२८ साली कॅडिलॅकमध्ये आणली होती आणि ती इतरत्रही पसरली. फ्रीव्हीलचे एक मोठे आकर्षण त्यामुळे गेले, भीती तेवढी उरली, आणि काही वर्षांतच अमेरिकेत त्याचा बहर ओसरला. ओव्हरड्राइव्हच्या पोटात मात्र ते पुढे बराच काळ गुपचूप नांदत राहिले.

युरोपात त्याचा संसार अधिक दिवस चालला. इंग्लंडच्या रोव्हर कंपनीने १९४९ साली काढलेल्या सभ्य, भारदस्त पी-४ गाडीतही फ्रीव्हील होते. परंतु ज्यांना त्याची खरी गरज होती त्या गाड्या टू-स्ट्रोक इंजिनाच्या. या इंजिनांत वंगणाचे तेल पेट्रोलमध्येच मिसळलेले असते. उतारावर पाय काढला की पेट्रोल आवळले जाते, म्हणजे तेलही आवळले जाते. आणि नेमक्या त्याच वेळी चाके इंजिनाला जोराने फिरवीत असतात. कोरडे इंजिन अशाने जळून अडकून बसायचे. तेव्हा येथे फ्रीव्हील ही काटकसर नव्हती, तो इंजिनाचा प्राण होता. पूर्व जर्मनीची वार्टबुर्ग आणि स्वीडनची साब या गाड्या म्हणून मोकळ्या चाकाने धावत. ट्राबांटमध्ये ते चौथ्या गिअरपुरते होते. साबमध्ये ते बंद करण्यासाठी एक मूठ असे, म्हणजे अवघड घाटात इंजिनाचा ब्रेक परत मिळविता येई. झाक्सचे शहाणपण येथे निदान अर्धे तरी परत आले होते. पुढे साबने १९६७ च्या मॉडेलात फोर-स्ट्रोक इंजिन घेतले. तेल आता वेगळे झाले, गरज संपली, तरी फ्रीव्हील राहिलेच. सवयीचा जोर खटक्यांपेक्षा मोठा असतो.

याच साब गाडीत बसून एरिक कार्लसन या धिप्पाड स्वीडिश गृहस्थाने १९६०, ६१ आणि ६२ अशी लागोपाठ तीन वर्षे इंग्लंडची आर.ए.सी. रॅली जिंकली, आणि १९६२ व ६३ साली माँटे कार्लोचीही. वळणावर तो उजवा पाय ॲक्सिलरेटरवर तसाच दाबून डाव्या पायाने ब्रेक लावी. मोकळ्या चाकाची गाडी म्हणजे मंद म्हाताऱ्या माणसाची गाडी, ही समजूत त्याने कायमची मोडून काढली.

एवढा इतिहास जुना झाला. मला नवा इतिहास भेटला तो २०१४ च्या सप्टेंबरात, जर्मनीत. माझी भाची श्टुटगार्टला इंजिनिअर आहे. तिच्या यजमानांनी हौसेने एक जुनी पोर्श ९११ घेतली होती. जुनी म्हणजे दोन वर्षांची. २०११ साली फ्रांकफुर्टच्या प्रदर्शनात जी नवी पिढी मांडली होती तीतली. "मामा, चला, उल्मचं चर्च बघून येऊ," असे म्हणून भाचीने मला त्या बुटक्या गाडीत कोंबले. मला वाटले, आता हाडे खिळखिळी होणार.

परतीच्या वाटेवर, श्वाबियाच्या टेकड्यांत, रस्ता किंचित उताराला लागला. भाचीने पाय काढला. आणि माझ्या कानात एकदम ती शांतता आली. वाऱ्याचा आवाज आणि टायरांची घरघर! डॅशबोर्डावर मधोमध असलेल्या मोठ्या तबकडीचा काटा खाली उतरून सातशे-आठशेवर स्थिरावला होता; वेग मात्र ताशी एकशे दहा किलोमीटर. माझे हात नकळत सीटला घट्ट धरून बसले. मी म्हणालो, "अगं, गिअर टाक! न्यूट्रलला काय सोडतेस?" ती हसली. म्हणाली, "मी नाही सोडली मामा, गाडीनं स्वतःच सोडली. याला इकडे 'झेगेल्न' म्हणतात. शीड उभारून जाणं."

शिडाच्या होडीचे हे नाव मोठे सार्थ आहे. या गाडीच्या गिअरपेटीत दोन क्लच असतात. पोर्शने ही पेटी १९८०-९० च्या दशकात आपल्या शर्यतीच्या गाड्यांत कसाला लावली आणि २००८ साली ९११ मध्ये आणली. पाय काढला की नव्या गाडीतली यंत्रणा क्लच उघडते, इंजिन नुसते मंद चालत राहते आणि गाडी अंगच्या वेगावर वाहते. ब्रेकला पाऊल लागले की क्षणात इंजिनाचा वेग चाकांशी जुळवून क्लच पुन्हा जोडला जातो. उतार तीव्र असला तर ती गाडी सोडतच नाही. 'स्पोर्ट'चे बटण दाबले की हा सर्व काटकसरीपणा बंद. थोडक्यात, झाक्सच्या टॉर्पेडो हबातले शहाणपण शंभर वर्षांनी पूर्ण रूपाने परत आले होते: मोकळे चाक आणि लगाम एकाच पोटात.

वेगासाठी जन्मलेल्या गाडीला काटकसर कशाला हवी, असे कोणी विचारील. त्याचे कारण कायद्यात आहे. १९७३ च्या तेलसंकटात पश्चिम जर्मनीने काही रविवारी मोटारी रस्त्यावर आणण्यास बंदी केली, तेव्हापासून इंधन हा त्या देशांत राज्यकारभाराचा विषय झाला. पुढे युरोपीय संघाने २००९ च्या नियमाने नव्या गाड्यांच्या धुराला मर्यादा घातली: २०१५ पर्यंत सरासरी किलोमीटरला १३० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. श्रीमंतांच्या गाड्या बनविणाऱ्यांनाही मग थेंब मोजावे लागले.

गाडीत बसल्या बसल्या भाचीने मला हिशेब समजावून दिला. दीड टनाची गाडी ताशी शंभर किलोमीटर वेगाने धावत असते तेव्हा तिच्या अंगात साधारण ५८० किलोज्यूल शक्ती साठलेली असते. इंजिनाची एकंदर उधळपट्टी लक्षात घेता एवढी शक्ती निर्माण करायला सत्तर मिलिलिटरच्या आसपास पेट्रोल जाळावे लागते. म्हणजे एक कटिंग चहा. ब्रेक दाबून आपण गाडी उभी करतो तेव्हा तो चहा ओतून देतो. त्याऐवजी लांबूनच पाय काढून गाडी वाहू दिली तर तोच चहा किलोमीटरभर पुरवून पिता येतो. त्या वेळात मंद चालणाऱ्या इंजिनाला लागते ते पेट्रोल सुमारे दहा मिलिलिटर.

"म्हणजे माझे मामा बरोबरच होते की," मी म्हणालो, आणि खंडाळ्याची हकीकत तिला सांगितली. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "लॉरी डिझेलची होती ना, मामा? मग नाही."

तिने सांगितले ते असे. डिझेल इंजिनाला कार्ब्युरेटर नसतो. पंप डिझेल मोजून सोडतो आणि त्या पंपावर गव्हर्नर बसलेला असतो. हे पंप बॉशने याच श्टुटगार्टात १९२७ साली मोठ्या प्रमाणावर बनवायला घेतले. पाय काढलेला आहे आणि तरीही इंजिन चाकांच्या ओढीने जोरात फिरते आहे, असे झाले की गव्हर्नर डिझेल संपूर्ण बंद करतो. पेट्रोलच्या गाड्यांना हे शहाणपण इंजेक्शन आल्यावर मिळाले. डिझेलला ते पहिल्यापासून होते. म्हणजे मामांची लॉरी गिअरमध्ये ठेवून घाट उतरली असती तरी डिझेलचा थेंब जळला नसता! उलट इंजिनाने सारा वेळ ब्रेकचे काम केले असते. इंजिन बंद करून मामांनी घाटात वाचविले ते शून्य. जे वाहणे उपयोगी पडायचे ते सपाटीवर, सौम्य उतारावर, घाटात नव्हे.

आता ती थांबविलेली हकीकत पुरी करतो. १९६१ च्या पावसाळ्यानंतर, दिवाळीच्या तोंडावर, खंडाळ्याच्या घाटात मामांचे ब्रेक सुटले. घाटाची उतरण सुमारे साडेपाचशे मीटरची. सोळा टनांचा माल-लॉरीचा बोजा एवढा उतरतो तेव्हा जी शक्ती मोकळी होते तिच्यात अडीचशे लिटर गार पाणी उकळीला येईल. वारा आणि रस्ता काही भाग उचलतात. बाकी सर्व जाते इंजिनाकडे किंवा ब्रेककडे. मामांनी इंजिनाला रजा दिली होती. ब्रेक तापले, त्यांची पकड गेली. गिअर पुन्हा पडेना. मामांनी दरीची बाजू टाळून लॉरी डोंगराच्या कड्याला घातली. मामा वाचले. क्लीनरचा पोर सोळा-सतरा वर्षांचा होता. त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. मामांनी त्यानंतर लॉरी चालविली नाही. एका गिरणीत पहारेकरी झाले आणि मरेपर्यंत दर दिवाळीला त्या पोराच्या घरी मनिऑर्डर पाठवीत राहिले. "चार पैशाचं डिझेल वाचवलं रे, आणि पोराचा पाय घालवला," असे ते म्हणत. त्यांना वाटे, निदान चार पैसे तरी वाचले होते. ते वाचलेच नव्हते, हे त्यांना कधी कळले नाही. कळले असते तर बरे झाले असते की वाईट, याचा निर्णय मला अजून करता आलेला नाही.

ही जुनी गोष्ट म्हणून सोडून द्यावी, तर तसेही नाही. पुण्याजवळ कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे येणारा उतार साऱ्या पुणेकरांना ठाऊक आहे. २०२२ च्या नोव्हेंबरात तेथे एका अवजड गाडीने अनेक वाहनांना धडक दिली, तेव्हा उतारावर इंधन वाचविण्यासाठी गाडी न्यूट्रलला सोडली होती, असेच प्रसिद्ध झाले. आजच्या अवजड गाड्यांचे ब्रेक हवेवर चालतात आणि ती हवा इंजिनच भरते. इंजिन बंद केले की टाकीत असेल तेवढीच हवा. प्रत्येक दाबाला ती कमी होते. आणि गिअरमध्ये उतरताना त्याही गाडीचे डिझेल बंदच असते. साठ वर्षांत गाड्या बदलल्या, रस्ते बदलले. बापाने पोराला, उस्तादाने क्लीनरला दिलेला तो एक चुकीचा मंत्र तेवढा बदलला नाही. मंत्र देणारे मूर्ख नव्हते. कार्ब्युरेटरच्या काळी तो पुष्कळसा खराच होता. एका यंत्रावर खरी ठरलेली गोष्ट दुसऱ्या यंत्रावर तशीच चालविली, इतकेच.

पुढे २०१९ साली त्याच पोर्श कंपनीची विजेवर चालणारी टायकान गाडी आली. त्या वेळी तिची मोटर ब्रेक लावताना उलटी वीज परत साठवीत असे, तीही २६५ किलोवॉटपर्यंत. तरीही पाय काढला की ती गाडी मूळ मांडणीत नुसती वाहत जाते. वीज परत मिळवायची ती ब्रेकवर पाय ठेवल्यावर. कारण वेगाची वीज करणे आणि विजेचा पुन्हा वेग करणे, या दोन्ही व्यवहारांत थोडी गळती होतेच. वेग वेगाच्याच रूपात ठेवावा, हा सर्वांत कमी तोट्याचा सौदा. मात्र थांबण्याची शक्ती पायाखाली हजर असेल तरच.

भाचीने गाडी श्टुटगार्टात आणली तेव्हा संध्याकाळ झाली होती. गावात शिरण्यापूर्वी लांबवर तांबडा दिवा दिसला. तिने पाय काढला. गाडी वाहू लागली. या वेळी मी सीट धरली नाही. दिवा जवळ आल्यावर तिने ब्रेकला पाऊल लावले, इंजिनाचा आवाज परत आला, आणि तो मला त्या शांततेपेक्षाही गोड वाटला.